मुद्दाम नासवलेला स्फटिक

न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याने दौंड तालुक्यात शिरलं की हंगामात गुऱ्हाळांचा वास आधी येतो आणि धूर मागाहून दिसतो. एखाद्या गुऱ्हाळावर थांबावं. चुलवाणात चिपाडं ढकलणारा एक जण, रसावरची मळी झाऱ्याने काढणारा दुसरा, आणि काहिलीकडे नजर लावून उभा असलेला गुळव्या. पाक आला की नाही हे तो घड्याळ बघून ठरवत नाही. थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, दोन बोटांत घेऊन वळतो. गोळी नीट वळली की काहील वाफ्यावर उपडी होते आणि घोटणं सुरू होतं. घोटता घोटता गूळ रवा धरतो.

इथे साखर एकच, पण तिची रूपं दोन. पाण्यात एकदम थिजलेल्या थेंबातल्या रेणूंना रांगा लावायला उसंत मिळत नाही. तो पदार्थ काचेच्या जातीचा. लिमलेटची गोळी हे त्याचं चोख उदाहरण. सावकाश थंड झालेल्या, घोटलेल्या पाकातले रेणू मात्र शिस्तीत बसतात आणि रवा तयार होतो. रासायनिक पृथक्करण केलं तर दोन्हींत साखरच सापडेल, कारण रेणूच्या आतले बंध तेच आहेत. फरक आहे तो रेणूंनी एकमेकांना कसं धरलंय यात. स्फटिकातले रेणू दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे ठरल्या तालावर डुलतात. काचेतले जत्रेतल्या गर्दीसारखे, ज्याचा धक्का त्याचा. २००३ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात वाल्टर, फिशर आणि येप्सेन यांनी ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली नेहमीची साखर या तिघींची दोन्ही रूपं एका खास प्रकाशात तपासली. रवाळ रूपात ठरावीक कंपनसंख्यांवर ठळक खुणा दिसल्या. काचरूपात त्या पुसल्या जाऊन नुसता एक चढ उरला.

तो खास प्रकाश म्हणजे टेराहर्ट्झ किरण. सेकंदाला एक लाख कोटी आंदोलनं म्हणजे एक टेराहर्ट्झ, आणि साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झ एवढा हा पट्टा. एक टेराहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे रव्याच्या बारीक कणाएवढी. पट्ट्याच्या एका बाजूला रेडिओ आणि मायक्रोवेव्ह, दुसऱ्या बाजूला अवरक्त किरण. आपल्याच पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आकाशातल्या लांब लहरी ऐकत बसलेली आहे. त्या लहरी वितीपासून चार-पाच हातांपर्यंतच्या. तिथे लहर मोठी म्हणून कानही मोठा. टेराहर्ट्झचा कान किती लहान असतो ते पुढे येईलच.

हा पट्टा कित्येक वर्षं ओसाड राहिला, त्याचं कारण साधं आहे. रेडिओच्या बाजूने जावं तर तारांतून इतक्या झपाट्याने विजेला मागेपुढे नाचवता येत नाही. प्रकाशाच्या बाजूने यावं तर टेराहर्ट्झच्या एका कणाची ऊर्जा इतकी क्षुल्लक, एक टेराहर्ट्झला जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, की खोलीतली साधी ऊबही तिच्या सहापट भरते. भिंत, टेबल, यंत्रापाशी उभा असलेला माणूस, सगळेच या पट्ट्यात मंद तेवत असतात. दिवाळीच्या रात्री काजवा शोधण्यासारखं काम.

आणि पाणी. एक टेराहर्ट्झचा किरण पाण्यात शिरला तर अवघ्या ४५ मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे केसाच्या जाडीलाही पुरत नाही एवढ्या अंतरात, त्याची शक्ती एक तृतीयांशाच्या आसपासच उरते. हल्ली बाजारात टेराहर्ट्झच्या नावाने केस वाळवण्याच्या यंत्रासारख्या कांड्या आणि दगड विकले जातात, गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून. ज्याला आपली ओलसर कातडीही धड ओलांडता येत नाही, तो किरण गुडघ्याच्या वाटीपर्यंत कसा पोहोचणार, एवढं तरी विकणाऱ्याला विचारावं. पण हीच खोड कामाचीही आहे. १९९५ साली बेल प्रयोगशाळेतल्या हू आणि नस यांनी टेराहर्ट्झने चित्रं काढली, त्यात एक झाडाचं पान होतं: एकदा ताजं आणि मग तेच ४८ तासांनी. कुठल्या भागातलं पाणी किती उडालं ते पानाला न कापता दिसत होतं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला या चित्राचं मोल वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. हा प्रकाश काढायचा कुठून?

१९७५ पासून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिड ऑस्टन एका उघडझाप करणाऱ्या बटणावर काम करत होता. अर्धवाहकाचा, म्हणजे सेमिकंडक्टरचा, एक तुकडा. त्यावर धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये फट. पट्ट्यांना विजेचा दाब दिलेला, पण फटीतून वीज जात नाही, कारण अंधारात हा तुकडा जवळजवळ निरोधकच असतो. फटीवर लेसरचा स्पंद पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, वीज धावते. स्पंद सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा, म्हणजे शंभर फेम्टोसेकंदांचा असला, तर विजेची ती उसळीही तितकीच अचानक असते, आणि अशी अचानक उसळणारी वीज टेराहर्ट्झ लहरी फेकते. हा झाला प्रक्षेपक. त्या लहरी साखरेतून पार झाल्या की पलीकडे असाच दुसरा तुकडा ठेवायचा. त्याला विजेचा दाब द्यायचाच नाही. लेसरचा स्पंद पडून इलेक्ट्रॉन सुटे झाले की त्या क्षणी येऊन पोचलेली टेराहर्ट्झ लहर स्वतःच त्यांना ढकलते. जो इवलासा प्रवाह मिळतो तो त्या क्षणीच्या लहरीचं माप. हाच तो कान. फट बहुतेकदा ५ ते २० मायक्रोमीटरची. भिंतीची आणि माणसांची मंद तेवण त्याला ऐकू येत नाही, कारण ती लेसरच्या तालावर येत नाही.

हे बटण शेतकऱ्याला लगेच कळेल. रात्री उसाला दारं धरायला गेलेला माणूस पाटाचं बारं फोडतो, सरीत पाणी सोडतो. पण फोडणं हे अर्धं काम झालं. सरी भरली की खोरंभर माती ओढून बारं वेळेवर बुजवावंच लागतं, नाहीतर इथे तळं साचतं आणि पुढची सरी कोरडी. अर्धवाहकात बारं फोडण्याचं काम लेसर करतो. बुजवायला मात्र कोणीच नाही. लेसरचा स्पंद निघून जातो आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन तसेच भटकत राहतात. गॅलियम आर्सेनाइडच्या साध्या तबकडीत ते शंभरेक पिकोसेकंद, म्हणजे लाखभर फेम्टोसेकंद, आणि त्याहून जास्तही तग धरतात. टेराहर्ट्झची लहर तर पिकोसेकंदाच्या आत वरखाली होऊन जाते. कानाचं दार इतका वेळ उघडं राहिलं तर त्याला लहर ऐकू न येता तिची सरमिसळ ऐकू येणार, वर खरखर.

म्हणजे बारं बुजवण्याची सोय स्फटिकानेच करायला हवी. त्यासाठी स्फटिकात खोट पाहिजे.

अर्धवाहकांचा सगळा इतिहास खोट काढून टाकण्याचा आहे. संगणकाच्या चिपसाठी सिलिकॉन इतकं शुद्ध करतात की अब्जावधी अणूंत एखादाच परका सापडावा. इथे उलटं. जागा चुकलेला अणू, रिकामं घर, जास्तीचा आर्सेनिक, अशी प्रत्येक खोट म्हणजे भटक्या इलेक्ट्रॉनला पकडणारा खड्डा. खड्डे पुरेसे असले की दार आपोआप मिटतं. पण नासवण्यालाही हात लागतो. पनीर करताना दुधात लिंबू किती पिळायचं याला मर्यादा असते. खड्डे फार झाले तर सुटे इलेक्ट्रॉन धावेनातच, आणि अंधारात वीज पाझरायला लागली तर सगळंच मुसळ केरात. अंधारात घट्ट, उजेडात चपळ, आणि क्षणात पुन्हा घट्ट: या तीन मागण्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात.

त्यातून मार्ग निघाला तोही दुसऱ्याच कामातून. १९८८ साली अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत फ्रँक स्मिथ आणि त्याचे सहकारी गॅलियम आर्सेनाइडचे ट्रान्झिस्टर बनवत होते. शेजारशेजारचे ट्रान्झिस्टर एकमेकांच्या कामात लुडबुड करतात म्हणून त्यांना खाली एक निरोधक थर हवा होता. निर्वात पेटीत अणूंची वाफ बसवून असे थर वाढवतात, साधारण ६०० अंश तापमानाला. यांनी तो २०० अंशांच्या आसपास वाढवला. कमी आचेवर अणूंना आपापली जागा गाठता येत नाही, आर्सेनिक शंभरात एखादा या हिशेबाने जास्तीचा अडकून बसतो. पुढे तापवल्यावर त्याचे बारीक गोळे होतात. थर निरोधक झाला, ट्रान्झिस्टरवाले खूश. आणि मग लक्षात आलं की या कच्च्या थरात इलेक्ट्रॉन पिकोसेकंदही टिकत नाही, तरी धावतो बऱ्यापैकी. टेराहर्ट्झवाल्यांचं पुढचं बरंचसं काम या थरावर उभं आहे.

असा थर वाढवायला लागणारी यंत्रणा खर्चिक आणि हट्टी असते. आचेत थोडा फरक पडला की दरवेळी वेगळा माल. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत श्रीगणेश प्रभू यांच्या टेराहर्ट्झ प्रयोगशाळेने म्हणून दुसरी वाट धरली. बाजारात मिळणारी गॅलियम आर्सेनाइडची साधी निरोधक तबकडी घ्यायची आणि ती नंतर नासवायची. नासवायचं साधन त्याच आवारात उभं होतं.

भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन त्वरक तिथे १९८८ च्या अखेरीपासून चालतो आहे. नावातला पेलेट म्हणजे गोळी. धातूच्या गोळ्यांची साखळी रहाटाच्या माळेसारखी फिरत राहते आणि विद्युतभार वाहून मधल्या टोकावर साठवते, १.४ कोटी व्होल्टपर्यंत. खालून नव्हे तर वरून कार्बनचे ऋणभारित आयन सोडायचे. मधल्या टोकाच्या धनभाराकडे ते झेपावतात. टोकावर एक पातळ पडदा त्यांचे इलेक्ट्रॉन सोलून काढतो, ऋणाचे ते धन होतात, आणि आत्तापर्यंत ओढणारं तेच टोक आता त्यांना कितीतरी जास्त जोराने खाली ढकलून देतं. एकाच व्होल्टवर दोनदा धक्का. अणुगर्भाचं शास्त्र शिकायला उभारलेलं हे यंत्र. त्यावर काम करणाऱ्या वंदना नानल आणि आर. जी. पिल्लई यांच्यासारख्या अणुगर्भशास्त्रज्ञांची नावं टेराहर्ट्झच्या शोधनिबंधावर दिसतात ती याच कारणाने.

२०१५ साली छापलेल्या या निबंधाचे पहिले लेखक अभिषेक सिंग. तबकडीच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती कार्बन आयन आदळू द्यायचे, एवढी एकच खुंटी त्यांनी पिळत नेली: सुमारे एक लाख कोटींपासून त्याच्या हजारपटीपर्यंत. वेगाने घुसलेला कार्बन वाटेतल्या गॅलियम आणि आर्सेनिकच्या अणूंना जागेवरून उडवत जातो आणि मागे रिकाम्या घरांची वाट सोडतो. मात्रा वाढत गेली तसं इलेक्ट्रॉनचं आयुष्य पायरीपायरीने उतरत ०.५५ पिकोसेकंदांवर आलं. तबकडीचा कान झाला. मला यातली आवडलेली गोष्ट ही की इथे नासवणं मोजून आहे. आच कमीजास्त झाल्याची धास्ती नाही; आयन मोजा, हवी तेवढी खोट घाला.

प्रक्षेपकाला इतकी नासाडी लागत नाही हे जाता जाता सांगायला हवं. तिथे महत्त्व विजेच्या अचानक उसळीला, मिटण्याला कमी. साधी निरोधक तबकडी ते काम ठीक करते. ऐकणाऱ्याच्या कानालाच शिस्त जास्त लागते.

इथवरचं सगळं टायटेनियम-सफायर लेसरच्या जिवावर. पीटर मोल्टनने हा लेसर १९८२ मध्ये, पुन्हा त्याच लिंकन प्रयोगशाळेत, दाखवला. ८०० नॅनोमीटरच्या आसपास तो उत्तम स्पंद देतो. त्या प्रकाशकणाची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन सुटा करायला १.४२ लागतात. उंबरठा १.४२ चा, पाऊल १.५५ चं, झालं काम. पण या लेसरला स्वतःला चालवायला दुसरा हिरवा लेसर, थंड पाण्याचं यंत्र, हादरे न पोचणारं जडशीळ टेबल आणि वातानुकूलित खोली लागते. हे बिऱ्हाड कुलाब्याला शोभतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारीच्या रंगाचे थर मोजायला ते कोण नेणार? मोटारीवरचे रंगाचे तीन-चार थर सुटे सुटे मोजणं हे टेराहर्ट्झचं आजचं खऱ्या कमाईचं काम आहे, म्हणून हा प्रश्न हवेतला नव्हे.

यंत्र पेटीत मावायचं तर लेसर लहान हवा. लहान, स्वस्त आणि दणकट लेसर तयार होते ते टेलिफोनवाल्यांकडे. काचतंतूतून प्रकाश सर्वांत कमी झिजतो तो १५५० नॅनोमीटरला, म्हणून साऱ्या जगाचं दूरसंचाराचं सामान त्या तरंगलांबीला बनतं. अर्बियम मिसळलेल्या काचतंतूचा लेसर वेटोळं घालून जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसतो, त्याला आरसे जुळवत बसावं लागत नाही. अडचण एकच. तरंगलांबी जवळजवळ दुप्पट झाली की ऊर्जा निम्मी, ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. गॅलियम आर्सेनाइडचा १.४२ चा उंबरठा ते पाऊल चढत नाही.

म्हणजे लेसर लहान झाला आणि त्याच्यामागे नवा स्फटिक शोधणं आलं. गॅलियमच्या निम्म्याहून थोड्या जास्त जागा इंडियमला दिल्या, ५३ ला ४७ या प्रमाणात, की उंबरठा ०.७४ वर येतो. हेच प्रमाण का, तर त्यामुळे अणूंचं अंतर इंडियम फॉस्फाइडच्या तबकडीशी जुळतं आणि थर न तडकता वाढतो. पाऊल चढलं. पण उंबरठा बुटका म्हटल्यावर नुसत्या खोलीच्या उबेनेही इलेक्ट्रॉन तो ओलांडू लागतात. स्फटिक अंधारातही नव्या माठासारखा पाझरतो. त्यातच कमी आचेवर वाढवण्याची जुनी युक्ती इथे उलटते: त्या खोटी पकडतात कमी आणि स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतात जास्त.

बर्लिनच्या हाइनरिश हर्ट्झ संस्थेतल्या लोकांनी हा माठ लिंपायला कित्येक वर्षं घातली. आधी त्यांनी बाकरवडीसारखे थर रचले: काही नॅनोमीटरचा इंडियम गॅलियम आर्सेनाइड, त्यावर काही नॅनोमीटरचा इंडियम ॲल्युमिनियम आर्सेनाइड, असे शंभरेक. दुसऱ्याचा उंबरठा उंच, म्हणून पाझर त्याच्यापाशी अडतो. जास्तीचे इलेक्ट्रॉन शोषायला चिमूटभर बेरिलियम. पुढे थरांची ही भानगड सोडून थेट लोखंडाचे आणि नंतर ऱ्होडियमचे अणू मिसळून पाहिले. ऱ्होडियमचा अणू खोल खड्ड्यासारखा बसतो, पाझर अडवतो, आणि धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाटेत फारसा येत नाही. २०२० मध्ये त्यांनी अशा प्रक्षेपकातून ६३७ मायक्रोवॉट टेराहर्ट्झ शक्ती काढल्याचं छापलं. वर्गात भिंतीवर लाल ठिपका पाडायच्या लेसरचीही शक्ती याहून जास्त असते. तरीही या धंद्यात तो आकडा वाचून लोक खुर्चीत सरसावून बसले.

लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये क्रोटकुस यांच्या गटाने मधला रस्ता काढला: गॅलियम आर्सेनाइडमध्ये थोडा बिस्मथ, म्हणजे एक मायक्रोमीटरच्या आसपासचे काचतंतू लेसर चालतात.

आता पाषाणला जाऊ. पुण्याच्या आयसर संस्थेत हाच खेळ उलट्या बाजूने खेळला गेला. अर्धवाहकातून टेराहर्ट्झ काढण्याऐवजी टेराहर्ट्झने अर्धवाहक तपासायचा. पंकज मंडल आणि अंगशुमन नाग यांच्या गटांनी सीझियम लेड ब्रोमाइडच्या सूक्ष्म स्फटिकांवर, द्रवात तरंगत असतानाच, आधी प्रकाशाचा आणि मागोमाग टेराहर्ट्झचा स्पंद सोडला. इतक्या लहान कणाला तारा जोडणं अशक्य. पण सुटे इलेक्ट्रॉन जितके चपळ तितके ते टेराहर्ट्झला अडवतात, आणि त्या अडवणुकीवरून त्यांची चपळाई काढता येते. ती निघाली ४५००, त्या क्षेत्राच्या नेहमीच्या एककात. सिलिकॉनची साधारण १४००. वाटीत घोळून बनवलेल्या कणांनी भट्टीतून निघालेल्या सिलिकॉनला मागे टाकावं हे २०१६ साली पुष्कळांना खरं वाटायला वेळ लागला.

परत पेटीकडे. लेसर बसला, दोन्ही तुकडे बसले, त्यांच्या पाठीवर सिलिकॉनचं अर्धगोल भिंग बसलं; दिसायला काळंकुट्ट, पण टेराहर्ट्झला काचेसारखं पारदर्शक. आत हलणारी एकच वस्तू उरते, एक आरसा. कानाच्या लेसरला तो थोडा थोडा उशीर करत नेतो, म्हणजे लहर ठिकठिकाणी चाखता येते. आरसा ०.१५ मिलिमीटर सरकला की जाऊनयेऊन प्रकाशाला बरोबर एक पिकोसेकंद उशीर होतो. वहीच्या दीडेक कागदाच्या जाडीत अख्खा पिकोसेकंद. पेटीला कान लावला तर ऐकू येणारी घरघर या आरशाच्या मोटरची.

अशी पेटी पावसाळ्यात न्हावऱ्याला उघडली, काहिलीजवळ तर बोलायलाच नको, तर साखरेची खूण दिसण्याआधी हवेतल्या वाफेच्या खुणा दिसतील. वाफेचा रेणू ०.५५७ टेराहर्ट्झला एक घास घेतो, ०.७५२ ला दुसरा, एकच्या पुढे तर रांगच लागते. प्रयोगशाळांत किरणांचा मार्ग झाकून त्यात कोरडा नायट्रोजन सोडतात तो यासाठी. पण नवीन पेटी आली की ती पारखायला पहिल्या दिवशी नायट्रोजन मुद्दाम बंद ठेवतात. खोलीतली दमट हवा आत येऊ देतात आणि आलेखात पहिला खड्डा कुठे पडतो ते बघतात. तो ०.५५७ वर पडला की मग डबीतली साखर बाहेर काढतात.